कोल्हापुरात इमारत देखभाल-दुरुस्तीच्या कामाला लागताना

‘मेंटेनन्सचा माणूस’ म्हणून ज्याला हाक मारली जाते, त्याच्याकडून नळ बदलण्यापासून गच्चीची गळती थांबवण्यापर्यंत आणि दाराचे बिजागर बसवण्यापासून पंपाची मोटर का तापते हे सांगण्यापर्यंत सगळ्याची अपेक्षा असते. गवंडी, प्लंबर, वायरमन आणि सुतार या चारही कामांतले थोडेथोडे त्याला यावे लागते. मात्र त्यातले कोणते काम स्वतः करायचे आणि कोणते दुसऱ्याकडे सोपवायचे, हे नवख्याला कोणी नीट सांगत नाही. मी आधी एका रुग्णालयाच्या देखभाल विभागात आणि नंतर शहरातल्या काही अपार्टमेंटमध्ये हे काम करत आलो आहे. पुढील माहिती कोल्हापूर आणि आसपासच्या भागात या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. हातकाम सरावाने येतेच; दोषाचे मूळ शोधण्याची सवय मात्र पहिल्यापासून लावून घ्यावी लागते, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावर आहे.

१. कोणत्या मार्गाने सुरुवात करायची ते ठरवा

या कामात येण्याचे तीन मार्ग आहेत : रुग्णालय, वसतिगृह, मॉल किंवा कारखान्यात एजन्सीमार्फत नोकरी धरणे, एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली राहणे, किंवा सुरुवातीपासून स्वतंत्रपणे कामे घेणे. मिस्त्रीच्या हाताखाली हात लवकर बसतो आणि स्वतंत्र कामात पैसा लवकर दिसतो. तरीही माझा सल्ला असा आहे की, पहिला एक पूर्ण पावसाळा एकाच मोठ्या इमारतीत काढावा. सुटी कामे घेणारा माणूस दुरुस्ती करून निघून जातो आणि ती टिकली की नाही हे त्याला बहुधा कळतच नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्याला मात्र जूनमध्ये बुजवलेली भेग ऑगस्टमध्ये पुन्हा ओली झालेली दिसते, आणि या कामातले खरे शिक्षण तिथेच होते.

आयटीआयचा अभ्यासक्रम करण्याची मुभा असेल, तर जरूर करावा. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, नळ कारागीर हा एक वर्षाचा. कोल्हापूरची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था कळंबा रोडवर आहे. विजेच्या कामाच्या परवान्यासाठी हे प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडते.

एजन्सीमार्फत नोकरी धरताना हातात किती पगार येणार एवढेच विचारू नका. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यास कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते आणि त्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कपात होते. वीस किंवा अधिक कामगार असतील, तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. वेतनचिठ्ठीवर कपात दिसते आणि खात्यात भरणा मात्र झालेला नसतो, असे प्रकार घडतात. म्हणून आपला यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा) क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि खात्यातील नोंद दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः मोबाइलवर तपासावी.

२. कागदपत्रे आणि नोंदण्या

आधी पुढील कागद एका फाइलमध्ये जमवून ठेवा :

- आधार कार्ड आणि पॅन कार्ड
- वयाचा पुरावा : शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला
- रहिवासाचा पुरावा : रेशन कार्ड, वीजबिल किंवा भाडेकरार
- आधारशी जोडलेले बँक खाते आणि चालू मोबाइल क्रमांक
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- आयटीआय किंवा अन्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, असल्यास
- मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र

यातला शेवटचा कागद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी लागतो. नवी इमारत बांधणाऱ्यांनाच ही नोंदणी मिळते, असा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की, देखभालीचे काम करणारे अनेक जण अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत इमारतीची दुरुस्ती आणि देखभाल ही दोन्ही कामे घेतली. वय १८ ते ६० च्या दरम्यान असावे लागते आणि नोंदणी वेळोवेळी नूतनीकृत करावी लागते. शिक्षण, आरोग्य आणि अपघाती मृत्यू यांसाठीचे मंडळाचे लाभ नोंदणी चालू असेल तरच मिळतात.

या नोंदणीभोवती दलालांचा सुळसुळाट असतो, हे लक्षात ठेवा. न केलेल्या कामाचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र पैसे घेऊन मिळवून देणारे भेटतात. पडताळणीत असे प्रमाणपत्र खोटे ठरले, तर नोंदणी रद्द होते आणि प्रकरण गुन्ह्यापर्यंतही जाऊ शकते. ज्यांच्याकडे खरोखर काम केले, त्यांच्याकडूनच प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी रोजची हजेरी एका वहीत लिहून ठेवली आणि महिन्याच्या शेवटी तिच्यावर सही घेतली, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

याखेरीज असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणी मोफत आहे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये वळते होऊन दोन लाख रुपयांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना शिडीवर चढणाऱ्या माणसाने तरी टाळू नये. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत गवंडी, सुतार आणि कुलूप बनवणारे यांचा समावेश असून हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र कुटुंबातील एकालाच तिचा लाभ घेता येतो, आणि प्लंबर व वायरमन तिच्या अठरा व्यवसायांत बसत नाहीत.

३. ज्या कामांना हात लावायचा नाही, ती आधी पाठ करा

वीज : सॉकेट किंवा पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडल्यास, नवे वायरिंग करणे, भार वाढवणे आणि मुख्य बोर्डमधले काम हे परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच करावे लागते. मीटरचे सील केवळ महावितरणचे कर्मचारी तोडू शकतात. ‘एवढ्यासाठी त्यांना कशाला बोलवायचे, तूच बघ की’ असे घरमालक प्रेमाने म्हणतात, पण वीजचोरीचा गुन्हा दाखल होताना ते प्रेम उपयोगी पडत नाही.

पाणी : महापालिकेच्या जलवाहिनीवरून जोडणी घेणे किंवा तिच्यात बदल करणे हे परवानाधारक प्लंबरचे काम आहे. मीटरनंतरची घरातली वाहिनी तुम्ही हाताळू शकता.

बांधकाम : कॉलम, बीम, स्लॅब आणि भार घेणारी भिंत यांना छिन्नी लावण्याआधी संरचना अभियंत्याचे लेखी मत हवे. महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासणी करून घेणे ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे. तशी तपासणी झाली आहे का, हे मोठे काम घेण्यापूर्वी विचारावे. वास्तू वारसा यादीत असेल, तर बाह्य स्वरूपाला हात लावण्यापूर्वी महापालिकेची परवानगी लागते.

सेप्टिक टँक आणि ड्रेनेजचे खोल चेंबर : यात कोणत्याही कारणाने, कितीही पैसे मिळाले तरी, उतरू नये. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला की वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ असे मानणारे आणि त्यांना वाचवायला उतरणारे असे दोघेही दगावतात. असे सफाईचे काम माणसाला आत उतरवून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. वरून यंत्राने उपसा करणारी गाडी मागवावी.

४. हत्यारे

सुरुवातीला मोठी पेटी घेण्याची गरज नाही. पक्कड, दोन आकारांचे पाइप पाने, पान्ह्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, हातोडा, छिन्नी, करवत, थापी, रंधा, ओळंबा, गुण्या, पाणसळ, मोजपट्टी, टेस्टर, मल्टीमीटर आणि चांगला टॉर्च एवढ्यात बहुतेक रोजची कामे होतात. ड्रिल मशीन मात्र पहिल्या कमाईतून चांगल्या प्रतीचे घ्यावे. जुन्या पंपाचा किंवा कुलपाचा सुटा भाग बाजारात मिळत नसेल, तर शिवाजी उद्यमनगरातील लेथवर तो बनवून मिळू शकतो. कोल्हापुरात काम करण्याची ही मोठी सोय आहे. त्यासाठी जुना भाग तुटला तरी फेकू नये, तो नमुन्याला लागतो.

सुरक्षेच्या साधनांत हेल्मेट, रबरी तळाचे बूट, हातमोजे आणि पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा यांचा समावेश हवा. कमरेपुरता पट्टा पडताना माणसाला पाठीत मोडतो. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत शेडची कामे मिळतात, तिथे सिमेंटच्या पत्र्यांवर थेट पाय देणे हे सर्वांत घातक आहे. जुना पत्रा वरून भक्कम दिसतो आणि माणसाच्या वजनाने एका क्षणात फुटतो. पत्र्यावर आडव्या फळ्या टाकून, खालच्या कैच्यांच्या आणि पर्लिनच्या (पत्रे ज्यावर बसवलेले असतात त्या आडव्या दांड्यांच्या) रेषेवरूनच चालावे. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे कापू नयेत.

५. हात घालण्याआधी कारण शोधा

कोल्हापुरात देखभालीच्या तक्रारींत सर्वांत जास्त तक्रारी ओलीच्या असतात, म्हणून शोध कसा घ्यायचा हे त्याच उदाहरणाने पाहू.

भिंतीत ओल तीन दिशांनी येते : वरून पावसाची, मधून नळाची किंवा सांडपाण्याची, आणि खालून जमिनीची. पहिला प्रश्न हत्यार न काढता विचारायचा : ही ओल केव्हा दिसते? पावसाळ्यातच दिसत असेल, तर गच्ची, कठडा किंवा बाहेरच्या भिंतीची भेग संशयित ठरते. उन्हाळ्यातही कायम असेल, तर वाहिनी किंवा वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर पाहावे. जमिनीपासून कमरेपर्यंतच ओल असून तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटत असेल, तर पाणी पायातून चढते आहे.

त्यानंतर चाचण्या घ्याव्यात, आणि त्या एका वेळी एकच घ्याव्यात. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहावा. काटा हलत असेल, तर मीटरनंतरच्या दाबाच्या वाहिनीत कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत रंग टाकून थोड्या वेळाने भांड्यात पाहावे. न ओढता रंग उतरला, तर आतला व्हॉल्व्ह खराब आहे. न्हाणीघरावर संशय असल्यास नहाणी ट्रॅपचे (जमिनीवरचे पाणी जाणाऱ्या जाळीचे) तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी साठवावे आणि खालच्या मजल्यावरच्या डागाच्या कडा पेन्सिलने आखून २४ तास वाट पाहावी. डाग रेषेबाहेर गेला, तर फरशी किंवा तिच्याखालचा भराव गळतो आहे. साठवलेल्या पाण्याने डाग वाढला नाही, पण नळ वापरात आल्यावर वाढला, तर दोष पाइपमध्ये आहे. या दोन निष्कर्षांच्या खर्चात मोठे अंतर आहे, कारण पहिल्यात सगळी फरशी उचलावी लागते आणि दुसऱ्यात कधीकधी एक एल्बो बदलून भागते.

ओल जिथे दिसते तिथेच गळती असते, असे मात्र धरून चालू नका. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी वायरिंगच्या पाइपमधून दूर जाऊन दिव्याच्या पॉइंटवर टपकते. अशा वेळी शिडी लावण्याआधी त्या सर्किटचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बंद करावा आणि त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवावी.

गच्चीच्या बाबतीत सर्वाधिक पैसा वाया जातो. जुना विटांचा कोबा (स्लॅबवर विटांचे तुकडे आणि मसाला घालून केलेला थर) पोकळ झाला असेल, तर पाणी त्याच्या पोटात साठून राहते आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस खाली टपकत राहते. अशा कोब्यावर वरून रसायनाचा थर मारला, तर आतले पाणी आतच कोंडते. आधी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारा भाग खडूने आखावा, तेवढा कोबा काढावा, पाणी जाणाऱ्या तोंडाकडे शंभरास एक एवढा उतार द्यावा आणि गच्ची व कठडा जिथे मिळतात त्या कोनात गोलाईदार वाटा मारावा. अर्ध्याहून अधिक गळत्या मला या कोनातच सापडल्या आहेत. काम झाल्यावर पाणी साठवून किमान ४८ तास चाचणी घ्यावी आणि ती घरमालकाच्या समक्ष घ्यावी.

विजेतही हीच शिस्त लागू होते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणे म्हणजे दोष तसाच ठेवून वायर जाळण्याची सोय करणे होय. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विद्युतगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर एकेक सर्किट सोडवून कुठल्या उपकरणातून विद्युतगळती होते ते शोधावे. कोल्हापुरात पावसाळ्यात बहुधा गीझर, पंप किंवा बाहेरच्या भिंतीवरचा दिवा सापडतो. आरसीसीबी वगळून थेट जोडणी देण्याचा आग्रह झाला, तर काम सोडून यावे.

६. इमारतीचे वय पाहून साहित्य निवडा

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा जुन्या बुधवार पेठेतल्या अनेक घरांच्या भिंती काळा दगड, वीट, माती आणि चुना यांच्या आहेत. या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती वर सरकते किंवा दोन-तीन वर्षांत गिलाव्यासकट पापुद्र्याने खाली येते. अशा ठिकाणी चुन्याचाच गिलावा करावा. तो सुकायला वेळ घेतो आणि चुन्यात काम करणारा गवंडी शोधावा लागतो, हे मालकाला आधीच सांगावे. लाकडी तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे टोचून पाहावे. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते.

राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कातल्या आरसीसी इमारतींत प्रश्न वेगळा असतो. आतली सळई गंजते, गंजाने फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून देते. निखळलेल्या जागी नुसता गिलावा करून रंग देणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. त्याखाली गंज चालूच राहतो. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, तिला गंजरोधक लावून मगच पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावे. सळईची जाडी स्पष्टपणे कमी झालेली दिसली, तर तिथेच थांबून अभियंत्याला बोलवावे.

पाइपांबाबत एवढेच की, गरम पाण्याला सीपीव्हीसी वापरावा, यूपीव्हीसी नव्हे, आणि दोन्हींचे सॉल्व्हंट वेगळे असते.

७. कोल्हापूरचे वर्ष कसे चालते

कौले चाळणे, पन्हळी साफ करणे आणि गच्चीची कामे एप्रिल-मे महिन्यांत आटोपावी लागतात. मृग नक्षत्र लागल्यावर गच्चीचे काम घेणे म्हणजे वाद ओढवून घेणे आहे. गणपतीनंतर दसरा-दिवाळीपर्यंत रंगकामाचा हंगाम असतो, पण पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती ऑक्टोबरचे ऊन मिळाल्याखेरीज रंगवू नयेत. नवरात्रात अंबाबाई मंदिर परिसरातील लॉज आणि यात्री निवास भरलेले असतात, त्यामुळे तिथली सगळी दुरुस्ती घटस्थापनेपूर्वी उरकावी लागते.

पुराचा भाग वेगळा समजून घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. तुमची इमारत दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर किंवा रमणमळा अशा भागात असेल, तर पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच तळघरातले आणि तळमजल्यावरचे पंप सोडवून वर न्यावेत, जमिनीखालच्या टाकीचे झाकण पक्के करावे, तळमजल्यावरील नहाणी ट्रॅप बंद करावेत म्हणजे गटाराचे पाणी उलटे येत नाही, आणि तळमजल्याचा वीजपुरवठा तोडावा. पूर आला की पाणीपुरवठ्याची उपसा केंद्रेही बुडू शकतात, म्हणून वरच्या टाक्या आधीच भरून ठेवाव्यात.

पाणी ओसरल्यावर घाई करू नये. मातीच्या भिंती पुरात उभ्या राहून ओसरल्यानंतर कोसळतात, त्यामुळे अशा घरात शिरण्याआधी बाहेरून भेगा आणि फुगवटा पाहावा. भिजलेला बोर्ड वरून कोरडा दिसला म्हणून चालू करू नये. वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) तपासून घ्यावा, आणि इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम आल्यावरच पुरवठा जोडावा. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, गाळ काढून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय तिच्यात पाणी घेऊ नये.

८. खर्च कोणाचा आणि हिशेब कसा

अपार्टमेंटमध्ये काम सुरू करण्यापूर्वी पैसे कोण देणार हे लेखी ठरवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक वाहिन्या ही संस्थेची जबाबदारी असते, तर सदनिकेच्या आतल्या न्हाणीघराची गळती सदस्याची. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के असा जमा करणे अपेक्षित असते. त्यामुळे ‘संस्थेकडे पैसेच नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर सचिवांकडे या निधीची चौकशी करणे वावगे नाही. कोल्हापुरात अनेक इमारती संस्था म्हणून नव्हे, तर १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या असतात. तिथे घोषणापत्रात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. वरच्या मजल्यावरच्या काकी आणि खालच्या मजल्यावरचे काका यांच्या भांडणात मात्र पंच होऊ नका. चाचणीचा निकाल लिहून दोघांना द्या आणि बाजूला व्हा.

बिलात साहित्य आणि मजुरी वेगवेगळी दाखवावी आणि दुकानाच्या पावत्या जोडाव्यात. साहित्य शक्यतो मालकाला स्वतः घ्यायला लावावे. तुम्ही घेतलेच, तर दुकानदाराचे कमिशन घेण्याची प्रथा टाळावी, कारण ती बाहेर पडायला वेळ लागत नाही. मोठ्या कामात साहित्यापुरती आगाऊ रक्कम, अर्धे काम झाल्यावर एक हप्ता आणि चाचणीनंतर उरलेली रक्कम अशी विभागणी सोयीची पडते. गळतीच्या कामाला किती वर्षांची हमी देता, असे हमखास विचारले जाते. तुम्ही ज्या भागाला हात लावला तेवढ्याचीच हमी द्यावी आणि त्या भागाचे नाव बिलावर लिहावे.

प्रत्येक इमारतीसाठी स्वतंत्र वही ठेवा. तिच्यात तारीख, तक्रार, सापडलेले कारण, बदललेला भाग, त्याचा आकार व मेक, आणि पुढे ढकललेले काम एवढे रकाने असावेत. भिंत किंवा फरशी बंद करण्यापूर्वी आतल्या पाइप आणि वायरचा मोजपट्टीसह फोटो घेऊन तोही जपून ठेवावा. वार्षिक देखभाल करार करताना किती भेटी, कोणती कामे आणि कोणते साहित्य त्यात धरले आहे हे याच वहीवरून ठरवता येते, आणि दुसऱ्या वर्षी दर वाढवून मागताना तीच वही समितीपुढे ठेवता येते.